जीभ दाखव

रोज सकाळी, गोळे वळायच्या आधी,
मी चारोळीच्या सोंडेखाली हात घालतो
आणि म्हणतो, जीभ दाखव.
तिला वाटतं, गूळ आहे.
ती तोंड उघडते, मी टॉर्च मारतो:
गुलाबी.
वहीत तारखेपुढे आधी मी नुसतं ‘गु’ लिहायचो.
रामटेके मॅडम हसल्या. म्हणाल्या, पूर्ण लिहा हो.

टेंभरूची जीभ मी कधी पाहिली नव्हती.
पाहायची असते हेच ठाऊक नव्हतं.
तीन वर्षांचा. मंगळवारी त्यानं
माझी सायकल ओढ्यात ढकलली
आणि वर बसला.
बुधवारी सकाळी गोळा तोंडातून पडला
तो त्यानं उचलला नाही.
पोचन्ना सडमेक, चाळीस वर्षं माहुत,
म्हणाला, दाढ येत असन.
मग म्हणाला, थंडी हाये.
दुपारपर्यंत गाल असे सुजले
की डोळे बारीक झाले,
हसल्यासारखे.

मॅडम आलापल्लीहून आल्या,
नाल्यात एकदा जीप अडकून, गुडघाभर चिखल.
टॉर्च मी धरला.
जीभ जांभळी होती.
जांभूळ खाल्ल्यावर होते तशी नाही,
काठीच्या वळाखाली कातडी होते तशी,
टोकाकडून मागे सरकत चाललेली.

“नागीण माहीत आहे ना?” मॅडमनी विचारलं.
पोचन्नानं सदरा वर केला.
कमरेवरून निघालेला डागांचा पट्टा
बेंबीशी येऊन थांबलेला.
सारं गाव म्हणत होतं तेव्हा,
तोंड शेपटीले भेटलं का माणूस गेला.
बायकोनं मधोमध गेरूची रेघ ओढली होती.
“तिच्याच भाऊबंदातलं हे.
कांजिण्या होतात, आपण विसरतो,
ती विसरत नाही, मणक्यापाशी निजून राहते.
यांचं वेगळं आहे, हत्तींचंच, पण निजणं तसंच.
मोठ्यांना काही होत नाही.
आईकडून आलेलं बळ सरतं
आणि स्वतःचं अजून यायचं असतं,
त्या मधल्या दिवसांत पिल्लाला गाठतं.”

औषधही माणसाचंच.
मी अहेरीला गाडी दामटली.
मेडिकलवाल्यानं होते नव्हते ते पत्ते काढले:
“काय जी, अख्ख्या गावाले नागीण झाली का?”
एकालेच, म्हटलं. वजन नऊशे किलो.
तो हसला.
मीही हसलो. ते अजून जात नाही मनातून.

रात्री खलबत्त्यात गोळ्या कुटल्या.
मिरचीचा वास होता त्याला, कितीही धुतला तरी.
मैनावतीच्या कानामागून रक्त काढलं,
त्यातलं पिवळं पाणी पिल्लाला चढवायचं म्हणून;
ते वेगळं करणारं यंत्र तालुक्याला,
आणि तालुक्याला लाइट नव्हती.
सुई टोचली तरी ती हलली नाही.
फक्त सोंड लांबवून
टेंभरूच्या तोंडात टोक घालत राहिली,
रोज घालायची तसंच.
काय खाल्लंस. कुठं होतास. आहेस ना.
मॅडमनी ते पाहिलं आणि नजर वळवली.
का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पहाटे चारला तो गेला.
पडलेल्या गोळ्यापासून मोजले
तर बावीस तास.
सायकलचं चाक मी अजून सरळ केलेलं नाही.

पुढे केव्हातरी विचारलं, आलं कुठून ते?
मॅडम थोडं थांबल्या.
“सोंडेच्या पाण्यातून. कुणाच्याही असेल.”

चारोळी आता दोन वर्षांची.
गेल्या आठवड्यात ताप माझ्या ओठावर फुटला.
मॅडम म्हणतात, हे तुमचं माणसाचं, तिला लागत नाही.
तरी मी तोंडाला दुपट्टा बांधून जातो.
पोचन्ना ओरडतो, लगन हाये का बे तुयं?
टॉर्च. जीभ.
गुलाबी, पूर्ण लिहितो.

मग मी बाजूला सरतो
आणि मैनावती पुढे येते,
ओली सोंड पिल्लाच्या तोंडात घालते.
हिला कोण सांगणार,
दुपट्टा बांध.